सोलापुरात सिद्दी मुलांसाठी ढोल-नाचाचा वर्ग: जेंबे मागवावेत की दुसरं काही?

कंबरतलाव यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातून कामासाठी सोलापुरात आलेली काही सिद्दी (भारतात स्थायिक झालेल्या आफ्रिकी वंशाच्या समाजातली) कुटुंबं आमच्या वस्तीत राहतात. मुलं इथंच वाढली, मराठी शाळेत जातात. "तुम्ही नेमके कुठले?" असं कुणी विचारलं की ती गप्प होतात. आपल्या आफ्रिकी मुळांशी मुलांची ओळख ढोल आणि नाच यांतून व्हावी अशी पालकांची मनापासून इच्छा आहे. वस्तीतल्या लेझीम पथकातली इतर मुलंही यायला तयार आहेत. एकूण १६ मुलं, वय ८ ते १५. हॉल ३० बाय २० फुटांचा, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा. वर्ग शनिवार-रविवार संध्याकाळी.

दहा जेंबे (हातानं वाजवायचे आफ्रिकी ढोल) ऑनलाइन मागवायचा विचार आहे. त्याआधी जाणकारांनी सांगावं: जेंबे बरोबर आहे का? किती वाद्यं लागतील? आपल्या उन्हाळ्यात कातडं टिकेल का? नाच शिकवताना काय सांभाळायचं?

---

कुंभारवेस:

ऑर्डर थोडी थांबवा. जेंबे उत्तम वाद्य आहे, पण ते पश्चिम आफ्रिकेतल्या मांदे लोकांचं, म्हणजे आजच्या माली-गिनी भागातलं. १९५० च्या दशकात गिनीतले नृत्यसंच जगभर फिरले आणि जेंबे सगळीकडे पोचलं. कर्नाटकातल्या सिद्दींचे पूर्वज मुख्यतः आफ्रिकेच्या पूर्व आणि आग्नेय बाजूचे. त्यांतले पुष्कळ पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले आणि तिथून निसटून घाटावरच्या रानात वस्ती केलेले. या दोन मुलखांमध्ये अख्खं खंड आहे. मुलांच्या हातात जेंबे देऊन "हे तुमच्या आजोबांचं वाद्य" असं सांगितलं तर ते खरं होणार नाही, आणि ज्या मुलांना आधीच उत्तर सापडत नाही त्यांना तरी चुकीचं उत्तर देऊ नये.

उत्तर कन्नडच्या सिद्दींकडे स्वतःचं जिवंत वाद्य आहे: डमामी. ढोलाचं नाव तेच आणि त्यावरच्या नाचाचंही तेच. बायकांची फुगडीही त्यांच्यात आहे. आपल्या मुली लगेच ओळखतील, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांना एकत्र आणायला ती फार उपयोगी पडेल. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे सिद्दी तिथं आहेत आणि डमामी सगळ्यांची आहे. २००३ साली कर्नाटकात त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला.

गुजरातच्या सिद्दींची धमाल किंवा गोमा हा वेगळा प्रवाह. भरूच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूरला सिद्दींचे पीर बावा गोर यांचा दर्गा आहे, तिथली ही परंपरा. मुगरमान हा पायांवर उभा राहणारा ढोल, मुसिंदो हा गळ्यात अडकवायचा दोन तोंडांचा ढोल, मलुंगा म्हणजे भोपळा बांधलेलं एकतारी धनुष्य, माई मिसरा हा करवंटीचा खुळखुळा आणि नफीर हा शंख. बैठी धमाल आणि नाचाची धमाल असे दोन प्रकार. यूट्यूबवर सगळ्यात जास्त हेच दिसतं, म्हणून वर्गात तेच उतरवायचा मोह होईल. डोक्यावर नारळ फोडणं वगैरे मंचावर गाजतं, पण ती पीराची सेवा आहे. वर्गात ते करू नये. शिवाय तुमच्या हल्याळच्या मुलांना धमाल दाखवा जरूर, पण चुलत घरची म्हणून.

आणि मुलांना सोलापूरचाच इतिहास सांगा. मलिक अंबर (१५४८–१६२६) हा इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला मुलगा पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६२४ मध्ये भातवडीला त्यानं मुघल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला, मग विजापुरावर चालून गेला आणि सोलापूरचा किल्ला घेतला. वर्गातली मुलं रोज त्याच किल्ल्यावरून शाळेत जातात. मुलांची घराणी वेगळी, अंबर वेगळा, हेही सांगावं लागेल. तरी दख्खनच्या इतिहासात आफ्रिकी माणसं पाहुणी नव्हती, एवढं त्यांना कळलं पाहिजे.

---

लय_बारा:

कुंभारवेस यांचं म्हणणं मान्य, पण जेंबे पूर्ण बाजूला सारू नका. हात घडवायला त्याच्याइतकं सोपं वाद्य नाही. कातडं एक, काठी नाही, आणि आवाज मुख्यतः तीन. फक्त त्याला "शिकायचं वाद्य" म्हणा, "वारसा" म्हणू नका.

दहा नकोत, सहा पुरे. १६ मुलांचे दोन गट करा, एक वाजवेल तेव्हा दुसरा नाचेल, दर दहा मिनिटांनी अदलाबदल. वाजवणाऱ्या आठांपैकी सहा ढोलांवर, एक लोखंडी घंटीवर, एक खुळखुळ्यावर. ढोलावर बसलेलं मूल नाचाकडे बघत वाजवायला शिकतं, ते जास्त महत्त्वाचं. ८-१० वर्षांच्या मुलांना ९-१० इंची तोंडाचा जेंबे, मोठ्यांना १२ इंची.

तीन आवाज असे. बास: पूर्ण तळवा मधोमध, हाताचं वजन टाकून लगेच उचलायचा. टोन: बोटं जुळवलेली, तळव्याचा वरचा सांधा काठावर, बोटांची पेरं सपाट कातड्यावर. स्लॅप: जागा तीच, पण बोटं सैल आणि थोडी फाकलेली, टोकं चाबकासारखी पडतात. मुलं स्लॅप जोर लावून काढायला बघतात आणि तिथंच हात सुजतो. स्लॅप सैलपणातून येतो, जोरातून येत नाही. पहिले काही आठवडे फक्त बास आणि टोन ठेवा. अंगठी, कडं काढून ठेवायला लावा आणि अंगठा बाहेर वर उचललेला असू द्या, नाहीतर तो काठावर आपटतो. ढोल फरशीवर सपाट टेकवला की खालचं तोंड बंद होऊन बास मरतो. पुढं थोडा कलता धरा, मांड्यांमध्ये.

बोल तोंडानं म्हणवून घ्या. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी यांनी अमेरिकेत शिकवताना बासला गुन-डुन, टोनला गो-डो, स्लॅपला पा-टा असे बोल ठेवले. पहिलं अक्षर उजव्या हाताचं, दुसरं डाव्या. तबल्याचे बोल ऐकत वाढलेल्या मुलांना ही पद्धत ताबडतोब पटते. जे तोंडातून येत नाही ते हातातून येणार नाही.

आता गाभा. आफ्रिकेतल्या बऱ्याच ढोलवादनात दोन चाली एकाच वेळी चालतात, तीनावर दोन. आपल्या मुलांना ती दादऱ्यातून द्या. सहा मात्रा मोजा. पाय १ आणि ४ वर, म्हणजे दादऱ्याची सम आणि खाली. टाळ्या १, ३, ५ वर. एकत्र केलं की: १ ला पाय आणि टाळी, ३ ला टाळी, ४ ला पाय, ५ ला टाळी, २ आणि ६ रिकाम्या. अंतरं दोन-एक-एक-दोन. हमखास बिघडतं ते असं: मुलं हे चार आघात समान अंतरावर वाजवू लागतात आणि नकळत केहरवा होतो. तसं झालं की थांबवा, टाळी बंद, फक्त पाय आणि मोठ्यानं मोजणी, मग ३ ची एकच टाळी, मग ५ ची. घाईनं सगळं एकत्र आणू नका.

हे बसलं की १२ मात्रांची घंटी, म्हणजे घंटीवर वाजवायची ठरलेली चाल. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत ती फार पसरलेली आहे. आघात १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. अंतरं २-२-१-२-२-२-१. पाय १, ४, ७, १० वर. लक्षात घ्या, ४ आणि ७ वर घंटी नाही, तिथं फक्त पाय पडतो आणि मुलं अडखळतात. घंटी नेहमी वर्गातल्या सगळ्यात स्थिर मुलाला द्या. ढोल जमत नाही म्हणून एखाद्याला घंटी दिली तर सगळा वर्ग त्याच्या मागे घसरतो.

एक सावधगिरी: ही घंटी म्हणजे डमामीचा ताल नव्हे. ती कान तयार करण्यासाठी. डमामीचा ताल डमामी वाजवणाऱ्याकडूनच घ्या.

---

हलगी_घाट:

कातड्याबद्दल मी सांगतो. सोलापुरात ढोलाला त्रास पावसापेक्षा उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, हवा कोरडी ठाक. कातडं आवळत जातं, दोरी ढिली होत नाही, आणि एका दुपारी पत्र्याच्या खोलीत काठाजवळून फाटतं. म्हणून वाद्यं त्या हॉलमध्ये ठेवूच नका. स्लॅबच्या घरात, आतल्या खोलीत, जाड कापडी पिशवीत, भिंतीला न टेकवता. गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. हलगी आपण जाळावर शेकतो, तसं जेंबे शेकू नका. हलगी सैल झालेली असते म्हणून शेकायची. जेंबेचं कातडं आधीच दोरीनं ओढलेलं असतं, त्यात जाळ दिला की गेलंच म्हणा.

फाटलं तर ढोल फेकू नका, नवीन कातडं इथंच चढवता येतं. शेळीचं कातडं घ्या, कच्चं, चुना किंवा क्रोमवर कमावलेलं नको. कमावलेलं मऊ पडतं, आवाज धरत नाही. हलगी-ढोलकी मढवणाऱ्याला "वाजवायचं कातडं" म्हटलं की कळतं बघा. भोकं, कापल्याच्या खुणा उजेडासमोर धरून बघा. कण्याची रेघ बरोबर मधून गेली पाहिजे, नाहीतर एक बाजू जाड, एक पातळ, आणि सूर कधी जुळत नाही.

गार पाण्यात १२ ते २४ तास भिजवा. लवकर व्हावं म्हणून गरम पाणी वापरलं की कातडं आक्रसून शिजतं, मग ते कामाचं नाही. कातडं आणि दोरी धरणारी गोल कडी ६ मिमी सळईची, तीन लागतात: दोन वर, एक खाली. वेल्डिंगचा सांधा घासून गुळगुळीत करा, वर कापड गुंडाळा, तिथूनच कातडं कापलं जातं. लाकडाचा वरचा काठही हातानं चाचपून बघा. बाजारातल्या स्वस्त जेंबेत तो धारदार असतो, त्यानं कातडंही जातं आणि मुलांची बोटंही. कानस आणि पॉलिश पेपरनं गोल करून घ्या.

दोरी ४-५ मिमी पॉलिएस्टर, आधी ताणून घेतलेली. नायलॉन नको, ती ताणून लांबत जाते आणि दर आठवड्याला ढोल उतरतो. १२ इंची ढोलाला सगळी मिळून साधारण ३५ मीटर हाताशी ठेवा. ओलं असताना फक्त हातानं सारखं ओढायचं, वरची कडी काठाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली येईल इतकं. मग सावलीत किमान ४-५ दिवस. उन्हात ठेवलं तर एक बाजू आधी सुकते आणि कडी तिरकी होते. पूर्ण सुकल्यावर केस वस्तऱ्यानं काढा, त्यानंतर उभ्या दोऱ्या कसा, शेवटी आडव्या गाठी. एका दिवसात सगळा ताण देऊ नका. रोज थोडा.

डमामी किंवा मुसिंदोच्या जागी सरावाला काही हवं असेल तर दोन तोंडांचा, शाई (कातड्यावरचा काळा लेप) नसलेला मध्यम ढोल घ्या, गळ्यात अडकवायचा. लावणीची ढोलकी नको. शाईचा नाद इतका बोलका असतो की हात आपोआप आपल्या वळणावर जातो.

---

कंबरतलाव:

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा ढोल ठरले. दोन शंका: पावसाळ्यासाठी फायबरचे, प्लास्टिकच्या पडद्याचे ढोल घ्यावेत का? आणि पत्र्याखाली आवाज फार घुमेल, शेजारी तक्रार करतील. त्याचं काय?

---

लय_बारा:

सहापैकी दोन फायबरचे चालतील. हवामानाचा परिणाम जवळजवळ नाही, लहान मुलांना हलके पडतात. त्यांचा टोन जरा धातूसारखा वाजतो आणि हाताला कातड्याची माया नाही, म्हणून सगळेच फायबरचे नकोत.

आवाजाचं गंभीरपणे घ्या. बंद जागेत सहा ढोल १०० डेसिबलच्या आसपास सहज जातात. सुरक्षित मानलेली मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. मुलं आलटून-पालटून वाजवत असली तरी त्याच खोलीत असतात, म्हणून फोमचे इअरप्लग सगळ्यांना, शिकवणाऱ्याला आधी. ते बोटांत वळून बारीक करायचे, कानात घालून अर्धा मिनिट दाबून धरायचे. नुसते टेकवले तर उपयोग नाही.

घुमण्यावर आपल्याकडे उपाय घरातच आहे: जुन्या जाड सोलापुरी चादरी. भिंतीला चिकटवून नाही, चार-पाच इंच पुढं दोरीवर टांगा, निदान समोरासमोर नसलेल्या दोन भिंतींवर. स्लॅपचा चिरका आवाज चांगला मरतो. बास थांबत नाही, तो पत्र्यातून बाहेर जाणारच. म्हणून वेळ संध्याकाळी साडेसहा ते पावणेआठ ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत नियमानं मनाई आहेच, आणि शाळा, दवाखाना, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र असू शकतं, ते तपासा. शेजाऱ्यांना वर्ग सुरू होण्याआधी भेटा, तक्रार आल्यावर नाही. गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात वर्ग ठेवू नका. नंदीध्वजांची मिरवणूक सोडून कुणी मूल येणार नाही, आणि येऊही नये.

---

पायताल:

नाचाचं कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते.

तुमची फरशी हा सगळ्यात मोठा धोका आहे. शहाबादीवर अनवाणी उड्या मारल्या की पंधरा-वीस दिवसांत नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागतं. त्यावर सतरंजी टाकू नका, ती सरकते आणि घोटा मुरगळतो. एकमेकांत अडकणाऱ्या रबरी मॅट, निदान १० मिमी, पूर्ण नाचाच्या जागेत अंथरा. घामानं ओल्या झाल्या की थांबून पुसा. मॅट परवडत नसतील तर पातळ तळाचे कॅनव्हास बूट, आणि पहिला महिना उडी नाहीच. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल तर विश्रांतीनं जातं. एकाच बिंदूवर बोटानं दाबल्यावर कळ येत असेल तर नाच बंद आणि हाडाच्या डॉक्टरांकडे.

आफ्रिकेतल्या अनेक नाचांत गुडघे कायम वाकलेले, कंबरेतून धड पुढं कललेलं, वजन जमिनीकडे. तुमची लेझीमची मुलं बसक्या पवित्र्यात पटाईत असतील, पण लेझीमच्या कवायतीत पाठ ताठ ठेवायची सवय असते. त्यांना कलायला सांगितलं की ती पाठीतून वाकतात आणि कंबर धरते. घडी मांडीच्या सांध्यात पडली पाहिजे. खात्रीसाठी पाठीवर एक लांब सरळ काठी आडवी नाही, कण्याला समांतर उभी धरा: डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड तिन्ही तिला टेकले पाहिजेत. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत. तो आत पडला तर पाऊल लहान करा.

७५ मिनिटांत साधारण असं बसतं: १० मिनिटं घोटे, मांड्या, खांदे मोकळे करणं, १५ मिनिटं सगळ्यांनी टाळी-पाय-बोल, ४० मिनिटं गटांची अदलाबदल, शेवटची १० मिनिटं गोल करून, एकेकानं मध्ये येऊन जे येतं ते करायचं. गोल मोडू देऊ नका. रांगा लावल्या की मुलं समोरच्या प्रेक्षकांसाठी नाचतात, गोलात एकमेकांसाठी आणि ढोलासाठी. थांबण्याची खूण ढोलानं द्यायची, तोंडानं ओरडून नाही. एकच ठरलेली खूण, दरवेळी तीच, नाचणाऱ्यानं कानानं पकडायची.

मार्च ते जूनमध्ये मध्ये दोनदा पाणी, त्यातलं एकदा ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू. पत्र्याखाली साडेसहालाही भट्टी असते. गरगरणं, घाम अचानक थांबणं दिसलं की मुलाला बाहेर न्या, मानेला-काखेत ओला कपडा. शुद्ध हरपत असेल तर थेट दवाखाना.

---

कुंभारवेस:

शेवटचं, शिकवणाऱ्यांबद्दल. पहिला गुरू त्या पालकांमध्येच शोधा. आजी-आजोबा गावाकडे असतील तर गाठ घाला. सोलापूरहून विजापूर-गदगमार्गे हुबळीला रेल्वे आहे, तिथून किंवा धारवाडहून हल्याळ-यल्लापूरला बस मिळते. गावातल्या कलावंतांना बोलवायचं तर प्रवास, राहणं, जेवण आणि मानधन आधी ठरवून लिहून द्या, आणि निदान चार दिवस बोलवा. एका दिवसात कार्यक्रम होतो, शिकणं होत नाही.

आजींचं गाणं किंवा ढोल मोबाइलवर घेणार असाल तर आधी विचारा की हे कुणाला दाखवायचं, नेटवर टाकायचं की नाही. कुठल्या प्रसंगाचं आहे तेही विचारा, काही गाणी वर्गासाठी नसतात. मोबाइल ढोलापासून तीन-चार मीटर लांब ठेवा, जवळ धरला की बास फाटतो. प्रत्येक वाद्य आधी एकेकटं दोन मिनिटं, मग सगळी एकत्र, आणि एकदा फक्त नाचणाऱ्यांचे पाय. नुसती एकत्र रेकॉर्डिंग घरी आणली तर कोणता हात काय वाजवतो ते नंतर कुणालाच सुटं करता येत नाही. गाण्यात कोकणी, कन्नड, मराठी मिसळलेलं असेल. शब्द तिथंच बसून लिहून घ्या, गाणाऱ्याकडून वाचून तपासून घ्या, आणि त्या वहीची एक प्रत त्यांच्याकडे ठेवून या.